टाइपरायटरची बटणं आणि भोंग्याचा सूर

लगीनसराईत बारामती-इंदापूर रस्त्यानं जाताना सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा एखाद्या गावात वरात आडवी येते, एसटी थांबते आणि कानावर येतो तो बेंजो! किंचित किरकिरा, नाकात बोलल्यासारखा, तरी पाय हलवणारा. हे वाद्य तुम्ही जवळून पाहिलंय का?

लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं, की तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. उजव्या हातानं तार छेडायची. बटणांचं हे साम्य योगायोगाचं नाही बरं का! जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवलं, तेव्हा टाइपरायटरचीच कल्पना उचलली होती. भारतात येऊन ते झालं बुलबुल तरंग. वरातीत मात्र बेंजोच! अमेरिकेतला गोल, कातडं मढवलेला बँजो निराळा.

मग ती किरकिर कुठून येते? नुसत्या पेटीचा आवाज अगदी नाजूक. म्हणून तारांजवळ पिकअप बसवतात, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली, की तिच्यात इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो. अॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि टेम्पोवरचा भोंगा ओरडू लागतो. भोंगा खालचे, जाड सूर जवळजवळ गाळूनच टाकतो. त्यात आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलेलं! अॅम्प्लिफायरच्या ताकदीपलीकडे लाट उंच जाऊ शकत नाही. तिचं डोकं छाटलं जातं आणि मुळात नसलेले सूर मिसळतात.

अशा खरखरीत आवाजाला इंग्रजीत 'लो-फाय' म्हणतात. अमेरिकेतल्या डेटन शहराचा 'गाइडेड बाय व्हॉइसेस' हा रॉक बँड घरीच चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर गाणी भरायचा. त्यांचा १९९४ चा 'बी थाउजंड' अल्बम त्या खरखरीसकट नावाजला गेला. गायक रॉबर्ट पोलार्ड बरीच वर्षं चौथीला शिकवत होते. (आमच्या जातीतलाच माणूस!)

आता वरातीत डीजेच्या भिंती आल्या. तिथं गाणं पेन ड्राइव्हमधून येतं. बेंजोवाल्याला ते बोटांत बसवावं लागतं, आणि ढोल, ताशा, खुळखुळा वाजवणाऱ्यांचं पोटही त्याच सुपारीवर असतं. पालकहो, घरच्या कार्याला एकदा त्यांनाही विचारून बघा. रात्री १० नंतर भोंगा बंद, हा २००० सालचा नियम मात्र दोघांनाही सारखाच.

आणि मुलांनो, पुढच्या वरातीत बेंजोवाल्याच्या डाव्या हाताशी उभे राहा, भोंग्याच्या तोंडाशी नको. एका ओळीला किती बटणं दाबतो, मोजता येतंय का बघा.