रिकामी गव्हाण

दिवाळी सरली की गावातल्या पोरांचे मातीचे किल्ले हळूहळू ढासळून जात. आमचा किल्ला मात्र नाताळापर्यंत ओसरीच्या कोपऱ्यात उभा असे. भोर तालुक्यातले, पुणे-सातारा रस्त्यावरचे कामथडी हे आमचे गाव. वडील शाळामास्तर, आणि ख्रिस्ती घर काय ते आमचे एकच. डिसेंबर उजाडला की आमच्या किल्ल्याचे बेथलेहेम होई! बुरूज उतरवून तिथे गोठा उभा राही. महाराजांचे दोन मावळे चिंध्यांची घोंगडी पांघरून मेंढपाळ होत. उतारावर हळीव पेरले की आठवड्यात डोंगर हिरवा!

गोठ्यासाठी भाताचा पेंढा शेजारच्या आजी देत. त्यांचा दिवाळीचा फराळ आमच्याकडे येई, नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जात. गव्हाण म्हणजे काय, हे आम्हां मुलांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. आजींच्या गाईपुढची गव्हाण आम्ही रोज पाहत होतो. देवाचे लेकरू तिथे निजले, यात आम्हांला काहीच नवल वाटत नसे.

वडिलांना नवल वाटे. ते सांगत, "लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल नाही नि गाढवही नाही. ती जोडी मागाहून भक्तांनी आणली." १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरे गवत आणि जिवंत बैल-गाढव उभे करून गावकऱ्यांना ख्रिस्तजन्म दाखवला, तोही ते रंगवून सांगत. मग फादर स्टीफन्सची गोष्ट निघे. परदेशातून आलेल्या या पाद्र्याने हीच कथा मराठी ओवीत सांगितली आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण गोव्यात छापले गेले. रात्री झांजा घेऊन वडील रेव्हरंड टिळकांची भजने म्हणत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण भजनाची गोडी त्यांनी सोडली नाही, याचा वडिलांना कोण अभिमान!

आमच्या घरचा नियम एकच. २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची. बारा वाजले की आई मातीचे बाळ तिच्यात ठेवी.

१९६४ साली कार्तिकात आमचा धाकटा भाऊ तापाने गेला. आठ महिन्यांचा होता. त्या वर्षी किल्ल्याला कुणी हात लावला नाही. झांजा खुंटीलाच राहिल्या. वडील संध्याकाळी पुस्तक उघडून बसत, पण पान उलटत नसे. आई प्रार्थनेला बसेनाशी झाली.

२४ तारखेला दिवेलागणीला शेजारच्या आजी नेहमीप्रमाणे पेंढ्याची पेंढी घेऊन आल्या. आई म्हणाली, "यंदा नको, आजी." आजींनी पेंढी उंबऱ्यावर ठेवली. "गव्हाण अशी सुनी ठेवू नये, पोरी," एवढेच बोलून त्या तिथेच टेकल्या.

वडिलांनी कंदील आणला. आम्ही ढासळलेल्या मातीतच कसाबसा गोठा उभा केला. हिरवळ नव्हती. बारा वाजले. आई उठली, आत गेली आणि भावाचे टोपडे घेऊन आली. ते तिने पेंढ्यावर अंथरले आणि त्यावर मातीचे बाळ ठेवले. मग किती तरी वेळ ती रडत होती. त्या दिवसानंतर ती प्रथमच रडली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवीत होत्या. वडिलांनी झांजा काढल्या, पण वाजवल्या नाहीत. नुसत्या मांडीवर धरून बसले.

श्रद्धेवरची प्रवचने मी पुढे पुष्कळ ऐकली. पण श्रद्धा म्हटली की मला ते टोपडेच आठवते.

आता गोठे तयार मिळतात, दिव्यांच्या माळांसकट. माझ्या नातवंडांना ते आवडतात आणि मलाही त्याचे वाईट वाटत नाही. गव्हाण मात्र आमच्याकडे आजही मध्यरात्रीपर्यंत रिकामीच असते. धाकटी नात विचारते, "आजोबा, बाळ कुठंय?"

मी म्हणतो, "येईल. जरा वाट पाहू या."