पेलोडच्या चाचण्या: उड्डाणापूर्वी काय तपासतात?

रचना : हवामान निरीक्षणासाठी वापरतात तसा लॅटेक्सचा फुगा, त्याखाली पॅराशूट आणि दोरीने टांगलेली थर्माकोलची पेटी अशी फुग्याच्या उड्डाणाची रचना असून, उपकरणे वाहणाऱ्या या पेटीस ‘पेलोड’ म्हणतात.

उंचीवरील परिस्थिती : सुमारे ३० किमी उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम एक टक्का उरतो, त्यामुळे फुग्यातील हेलियम किंवा हायड्रोजन प्रसरण पावत जातो आणि अखेर फुगा फुटतो. उष्ण कटिबंधात सर्वांत कडक थंडी मात्र त्याहून बरीच खाली, १६ ते १८ किमीच्या पट्ट्यात असते व तेथील तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते.

थंडीची चाचणी : ही सर्वांत महत्त्वाची. चालू स्थितीतील पेलोड शुष्क बर्फासह, म्हणजे उणे ७८.५ अंशांच्या घनरूप कार्बन डायऑक्साइडसह, मोठ्या खोक्यात काही तास ठेवून बॅटरीचा व्होल्टेज किती घसरतो हे नोंदवले जाते. अल्कलाइन सेल थंडीत लवकर मंदावतात, म्हणून लिथियम सेल निवडले जातात. शुष्क बर्फाचा वायू गुदमरवणारा असल्याने ही चाचणी हवेशीर जागीच घ्यावी लागते.

निर्वात चाचणी : विरळ हवा उष्णता वाहून नेत नसल्याने ट्रान्समीटर थंडीतही तापू शकतो; हे निर्वात कक्षातच कळते.

जीपीएस : निर्यात-नियंत्रणाच्या निकषांमुळे काही रिसीव्हर १८ किमीच्या वर स्थान दाखवणे थांबवतात. हा दोष जमिनीवर दिसत नाही, म्हणून रिसीव्हरचे माहितीपत्रक आधीच तपासावे.

भारतात : संशोधनासाठीचे मोठे पॉलिएथिलीन फुगे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडले जातात.