हाडासाठी परांची

शेताच्या बांधावरून पाय घसरला, हाड मोडले. डॉक्टरांनी ते नीट जुळवून प्लास्टर घातले आणि काही महिन्यांत गडी पुन्हा कामाला लागला. हे आपण नेहमी पाहतो, म्हणून त्याचे नवल वाटत नाही. पण नवल आहे खरे! कातडीवरची खोल जखम भरली तरी व्रण राहतो. हाड मात्र नव्या हाडानेच भरून येते. प्लास्टर हाड जोडीत नाही, ते फक्त त्याला हलू देत नाही. जोडण्याचे काम हाडातील जिवंत पेशी करतात.

मग अडचण येते कुठे? मोटारीच्या अपघातात हाडाचा चुरा होतो. कधी हाड आतून कुजते. कधी गाठ झाल्यामुळे हाडाचा तुकडाच काढावा लागतो. मध्ये मोठी फट राहिली म्हणजे दोन्ही टोकांच्या पेशींना ती ओलांडता येत नाही. साकव नसलेल्या ओढ्यासारखी गत होते. अशा वेळी रोग्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत बसवतात. उपाय भरवशाचा आहे. पण एक जखम बरी करण्यासाठी दुसरी करावी लागते. शिवाय कमरेतून हाड काढून काढून किती काढणार?

म्हणून शास्त्रज्ञांनी गवंड्याची युक्ती घेतली. उंच भिंत बांधायची तर गवंडी आधी परांची उभारतो आणि काम झाले की ती सोडून टाकतो. तशीच एक परांची फटीत ठेवावी, पेशींनी तिच्या आधाराने हाड बांधावे, आणि परांचीने हळूहळू आपोआप विरून जावे, अशी ही कल्पना आहे.

ही परांची बनवण्याचा एक पदार्थ म्हणजे हायड्रोजेल. नाव परके, वस्तू ओळखीची. चमचाभर सब्जा पाण्यात टाकून बघा. प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा बुळबुळीत गोळा धरतो. लांब धाग्यांसारख्या रेणूंच्या जाळ्यात पाणी अडकून बसते. तेच हायड्रोजेल. चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० साली शरीरात वापरण्याजोग्या अशा जेलांची माहिती प्रसिद्ध केली; डोळ्यांत घालायची मऊ लेन्स त्यातूनच आली. हाडासाठी समुद्रशेवाळातले अल्जिनेट, जिलेटिन, कोळंबीच्या टरफलांपासून केलेले कायटोसान असे पदार्थ घेतात. अल्जिनेटच्या पातळ द्रावणाला कॅल्शियम मिळाले की ते थिजते. त्यामुळे सुईने आत सोडलेले जेल वेड्यावाकड्या फटीतही नेमके बसू शकते.

पण नुसती परांची बांधून भिंत उभी राहत नाही. गवंड्यांना सांगावा धाडावा लागतो. अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, आणि त्या स्नायूत चक्क नवे हाड तयार झाले! हे त्यांनी १९६५ साली जाहीर केले. हा सांगावा देणारी प्रथिने पुढे सापडली. त्यांपैकी एक कोलॅजनच्या स्पंजात भिजवून कमरेच्या मणक्यांसाठी वापरण्यास अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. परंतु ते मानेत वापरल्यावर काही रोग्यांना जिवावर बेतणारी सूज आली आणि २००८ साली सरकारी खात्याला इशारा द्यावा लागला. औषध एकदम न सांडता थोडे थोडे झिरपले पाहिजे, असा याचा धडा. जेलचा एक मोठा उपयोग नेमका हाच.

दोन अडचणी अजून आहेत. हाडाच्या वजनाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग खनिजाचा, तर जेलमध्ये बहुतेक पाणीच. ते शरीराचा भार कसे पेलणार? म्हणून त्यात हाडातल्यासारख्या खनिजाची भुकटी मिसळतात. तरीही भार घेण्यासाठी धातूची पट्टी किंवा सळई लागतेच. दुसरी अडचण रक्ताची. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापेक्षा दूर असलेली पेशी फार काळ तग धरीत नाही. म्हणून परांचीत अशी छिद्रे ठेवावी लागतात, की त्यांतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतील.

यामुळे यांतले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालले आहे. ‘एका सुईत नवे हाड’ अशी जाहिरात कुणी केली तर भुलू नका. हाड मोडून जखम उघडी पडली असेल, तर तिच्यावर माती किंवा पाला न लावता स्वच्छ फडके बांधावे, पायाला फळीचा आधार द्यावा आणि तडक इस्पितळ गाठावे. आत पू झाला की हाड कुजते आणि फट पडते. ती पडू न देणे हे आजही आपल्याच हाती आहे.