कळ इंग्रजी, दस्ता अफगाणी

जझाईल ही अफगाणी बंदूक पाहताना पहिला गोंधळ होतो तो कळीपाशी, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेपाशी. लांबलचक नळी, विळ्यासारखा वाकलेला दस्ता, आणि कळीच्या पट्टीवर चक्क ईस्ट इंडिया कंपनीचा छाप! बरेच जण ती लगेच बनावट ठरवून मोकळे होतात. हा निकाल घाईचा आहे. चकमकीच्या बंदुकीत घडवायला सगळ्यात अवघड भाग कळीचाच. घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटावी, ठिणगी रंजकावर (पेटवणीच्या दारूवर) पडावी, आग कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, नळीत शिरावी, हे सगळं निमिषात जमून यावं लागतं. त्यामुळे पहिल्या अफगाण युद्धात (१८३९-४२) आणि एरवीही कंपनीच्या बंदुका हाती लागल्या, की तिथले कारागीर कळ काढून घेत आणि आपल्या नळीला, आपल्या दस्त्याला जोडत. अशी सरमिसळ हे अनेक जझाईलींचं अस्सल रूपच आहे.

म्हणून तपासायचा तो एकेक भाग. कंपनीचा जुना छाप म्हणजे चार कप्प्यांचं हृदय, त्यात ‘व्ही ई आय सी’ ही रोमन अक्षरं. १८०८च्या सुमारास त्याची जागा मुकुट धरलेल्या उभ्या सिंहाने घेतली. तेव्हा हृदयाखाली १८२५ साल कोरलेलं दिसलं, तर शंका घ्यायलाच हवी. १८५८मध्ये कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला. त्यानंतरचं साल असेल तर तो छाप नकलीच. अक्षर न समजता कोरणाऱ्याच्या हातून अक्षरं उलटी उमटतात, सिंहाचा कुत्रा होतो.

पण खरी साक्ष आतल्या बाजूला मिळते. जाणकाराकडून कळ उतरवून घ्या. इंग्रजी कळीचे आतले भाग घासून नीट बसवलेले असतात. नकलेत ओतकामाची छिद्रं आणि कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. वापरलेल्या बंदुकीत पोलादावर गारगोटीचे उभे चरे पडतात, कानाभोवतीचं लोखंड जळून खड्डेदार होतं. लाकडातली खाच कळीला घट्ट बसते का, बुजवलेली जुनी भोकं आहेत का, तेही बघा. सगळीकडे एकसारखा तांबूस गंज दिसला तर तो बहुधा रसायनाचा.

नक्कल म्हणजे टाकाऊ, असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या सरहद्दीवरच्या लोहाराने केलेली नक्कल ही स्वतःच इतिहासाची वस्तू आहे. २००१ नंतर अफगाणिस्तानात आलेल्या परदेशी सैनिकांना विकण्यासाठी जुनाट केलेल्या मालाला मात्र ती किंमत देऊ नये.

आपल्याकडेही मराठा फौजांत तोडेदार (पेटत्या वातीच्या) बंदुकांबरोबर चकमकीच्या बंदुका होत्या. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी तर त्या आग्र्यात तयार होत. तुमच्या वाड्यात अशी एखादी असेल, तर ती पॉलिश पेपरने घासू नका. खुणा त्या गंजाखालीच असतात. आणि कळीला हात लावण्याआधी नळीत गज घालून खोली मोजा. गज कानाच्या बराच अलीकडे अडला, तर आत जुना बार शिल्लक असू शकतो. अशी बंदूक तशीच ठेवा आणि पोलिसांना कळवा.