पोटातला जंतू, मेंदूतली गुठळी

जेवण टळलं की पोटात जळजळतं आणि आपण दोष देतो तिखटाला. अनेकदा आत ठाण मांडून असतो हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन त्याचा उपद्रव दाखवला! पुढे २००५ मध्ये त्यांना सहसंशोधक रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

पण मेंदूतल्या गुठळीशी, म्हणजे पक्षाघाताशी, या जंतूचा काय संबंध? चूल धुमसत राहिली की धूर घरभर होतो. तसा जठरातला जुना दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचून तिथे चरबीचे थर साचायला मदत करत असावा. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, त्यामुळे रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढतं. तेही वाहिन्यांना जाचतं. काही अभ्यासांत हा संबंध दिसला, काहींत नाही. त्यामुळे सगळा दोष जंतूला देऊन रक्तदाबाची गोळी कृपा करून सोडू नका; पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाबच आहे.