ब्रिटनमधल्या शिक्षणाची ‘हेल्थ फी’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यापीठाची फी, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि विमानाचं तिकीट यांची बेरीज करून शैक्षणिक कर्जाचा आकडा ठरलेला असतो. मग व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना एका पानावर हजार पौंडांहून मोठी रक्कम समोर येते, आणि ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ही ‘इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज’ची रक्कम. मुलांच्या बोलण्यात ती ‘आयएचएस’ असते. ६ फेब्रुवारी २०२४पासून विद्यार्थ्यांसाठी तिचा दर वर्षाला ४७० पौंडांवरून ७७६ पौंडांवर गेला, म्हणजे एका फटक्यात ६५ टक्क्यांची वाढ.

एवढे पैसे मोजल्यावर माणूस हिशेब मागणारच. पण तो हिशेब आपण मेडिक्लेमच्या सवयीने मांडतो आणि घोळ तिथे होतो. हा सरचार्ज विम्याचा हप्ता नाही. तो भरला की ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, तिथल्या रहिवाशाला जे मिळतं ते आपल्याला मिळतं. तो ज्या रांगेत थांबतो त्याच रांगेत आपल्याला थांबावं लागतं, आणि तो ज्यासाठी खिशात हात घालतो त्यासाठी आपल्यालाही घालावा लागतो. पुढचे बहुतेक गैरसमज याचाच विसर पडल्याने होतात.

गैरसमज १: ही विद्यापीठाची फी आहे, तक्रार तिथेच करायची.

वस्तुस्थिती: या पैशातला एक पेनीही विद्यापीठाकडे जात नाही. सरचार्ज ब्रिटनचं गृहखातं व्हिसा अर्जाबरोबर वसूल करतं आणि ती रक्कम इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या आरोग्य यंत्रणांकडे जाते. दर ठरवणारं सरकार, तेव्हा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून त्यात सवलत मिळत नाही.

विद्यापीठाची स्वतःची समुपदेशन सेवा, अपंग विद्यार्थ्यांसाठीची मदत, वसतिगृहातली देखरेख हे सगळं वेगळं. त्याचा खर्च विद्यापीठ उचलतं आणि विद्यार्थ्याकडून सहसा त्याचे पैसे घेतले जात नाहीत. कॅम्पसमध्ये किंवा शेजारी दवाखाना दिसला, तर तोही बहुधा एनएचएसचाच असतो. फक्त त्याच्या रुग्णांत विद्यार्थ्यांचा भरणा जास्त.

गैरसमज २: कोर्स एक वर्षाचा, म्हणून फी एका वर्षाची.

वस्तुस्थिती: सरचार्ज कोर्सवर आकारत नाहीत, व्हिसाच्या मुदतीवर आकारतात. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या कोर्ससाठी व्हिसात कोर्सच्या आधी महिनाभर आणि नंतर चार महिने धरलेले असतात. त्यामुळे बारा महिन्यांच्या मास्टर्सचा व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा होतो. पूर्ण वर्षाच्या वर उरलेला काळ सहा महिन्यांपर्यंत असेल तर अर्ध्या वर्षाचे पैसे, सहा महिन्यांच्या पुढे गेला तर पूर्ण वर्षाचे. म्हणून मास्टर्सवाल्याचा हिशेब दीड वर्षाचा: ७७६ अधिक ३८८, एकूण १,१६४ पौंड. पौंड शंभर रुपयांच्या वर असताना हा आकडा लाखाच्या पुढे जातो. तीन वर्षांच्या पदवीला साडेतीन वर्षांचे २,७१६ पौंड लागतात, आणि तेही सगळे एकदम, अर्जाच्या वेळीच.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा घेतला की विद्यार्थ्यांची सवलत संपते. मग दर वर्षाला १,०३५ पौंड, दोन वर्षांचे २,०७०. पदवी आणि मास्टर्सवाल्यांनी १ जानेवारी २०२७पासून अर्ज केला तर हा व्हिसा दीडच वर्षाचा मिळणार आहे. त्यामुळे सरचार्ज कमी भरावा लागेल, पण नोकरी शोधायला वेळही तेवढाच कमी. कर्जाचं गणित मांडताना हा दुसरा टप्पा बहुतेक घरांत राहून जातो.

भारतातून सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा व्हिसा मागितला, तर सरचार्ज लागत नाही. मात्र मग आजारपणाची सोय आपली आपण करायची.

गैरसमज ३: व्हिसा नाकारला तर हे पैसेही बुडाले.

वस्तुस्थिती: अर्ज नामंजूर झाला, किंवा निर्णयाआधीच मागे घेतला, तर सरचार्ज परत मिळतो. मागितल्यापेक्षा कमी मुदतीचा व्हिसा दिला तर फरकाची रक्कम परत येते. पण व्हिसा मंजूर झाल्यावर जाणं रद्द केलं, किंवा कोर्स लवकर संपवून मुदतीआधीच घरी परतलात, तर काही मिळत नाही. वर्षभरात एकदाही डॉक्टरकडे गेलो नाही, हेही पैसे परत मागायचं कारण होत नाही.

गैरसमज ४: एवढे पैसे भरलेत, म्हणजे सगळे उपचार फुकट.

वस्तुस्थिती: डॉक्टरची भेट, तपासण्या, हॉस्पिटलात भरती, शस्त्रक्रिया, बाळंतपण, रुग्णवाहिका यांचं बिल येत नाही. पण औषधं, दात आणि डोळे यांचे नियम वेगळे आहेत, आणि ते तुम्ही कुठल्या शहरात शिकता यावरही बदलतात.

इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात (२०२५-२६चा दर). औषध स्वस्त असो वा महाग, दर तोच. लीड्समध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलीला चिठ्ठीवर पाच औषधं लिहून दिली, तर केमिस्टच्या काउंटरवर ४९.५० पौंड मोजावे लागतील. तीच चिठ्ठी ग्लासगोला किंवा कार्डिफला मिळाली तर एक पैसाही नाही, कारण स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्क घेत नाहीत.

थायरॉइड, दमा, मायग्रेन अशी कायमची औषधं चालू असतील, तर इंग्लंडमध्ये ‘प्रीपेमेंट सर्टिफिकेट’ घेणं शहाणपणाचं. तीन महिन्यांचं ३२.०५ पौंडांना आणि वर्षाचं ११४.५० पौंडांना मिळतं. त्या काळात कितीही औषधं घ्या, वेगळे पैसे नाहीत. तीन महिन्यांत चार औषधं लागली तरी ते वसूल होतं. गर्भनिरोधकं मात्र सगळ्यांनाच मोफत मिळतात. उत्पन्न कमी आणि शिल्लक १६,००० पौंडांच्या आत असेल, तर ‘एचसी१’ नावाचा अर्ज भरता येतो. परिस्थिती बघून औषधं, दात आणि डोळ्यांच्या खर्चात पूर्ण किंवा अंशतः सूट मिळते. विद्यार्थ्यांनी ही वाट जरूर चाचपून बघावी.

दातांचं प्रकरण सगळ्यांत खर्चिक. एनएचएसच्या दंतवैद्याकडेही इंग्लंडमध्ये २०२५-२६च्या दराने नुसत्या तपासणीला २७.४० पौंड, दात भरायला किंवा रूट कॅनालला ७५.३० आणि कॅप बसवायची तर ३२६.७० पौंड. शिवाय नवे रुग्ण घेणारा एनएचएसचा दंतवैद्य सापडणंच अनेक शहरांत मुश्कील, आणि खासगीत गेलात तर बिल आणखी फुगतं. तेव्हा दाढेचं दुखणं, जुनं फिलिंग, चष्म्याचा नंबर हे सगळं निघण्याआधी इथेच उरकून घ्यावं. जास्तीचा एक चष्मा बॅगेत टाकावा.

गैरसमज ५: आजारी पडल्यावर बघू, तेव्हा नाव नोंदवू.

वस्तुस्थिती: एनएचएसचं दार उघडतं ते जीपीकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे. साध्या दुखण्यात मनाला येईल त्या स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही. त्वचेचा असो की सांध्यांचा, बहुतेक तज्ज्ञांकडे जायला जीपीची शिफारस लागते. म्हणून पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात घराजवळच्या जीपीकडे नाव नोंदवून टाकायचं. त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रं सक्तीची नाहीत. रिसेप्शनवर कुणी अडून बसलं तर हा नियम शांतपणे सांगावा. शहर किंवा दवाखान्याची हद्द बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा नोंदणी करायची.

घरून निघताना चालू औषधांची यादी त्यांच्या मूळ नावांसह, फक्त ब्रँडच्या नावाने नव्हे, डॉक्टरच्या सहीने घेऊन जावी. आपल्याकडचा ब्रँड तिथे माहीत नसतो. लसीकरणाच्या नोंदीही बरोबर ठेवाव्यात. पहिल्यांदाच विद्यापीठात जाणाऱ्या पंचविशीपर्यंतच्या मुलांना मेनिंजायटिसची ‘मेनएसीडब्ल्यूवाय’ लस तिथे मोफत मिळते.

गैरसमज ६: पैसे भरलेत, तर लगेच नंबर लागला पाहिजे.

वस्तुस्थिती: इथे मेडिक्लेमची सवय सगळ्यांत जास्त आडवी येते. आपल्याकडे संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसलं की तासाभरात डॉक्टर भेटतो. तिथे अनेक दवाखान्यांत सकाळी आठला फोन सुरू होतात आणि थोड्याच वेळात त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या असतात. आता ऑनलाइन अर्जाची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे. तज्ज्ञाकडे पाठवल्यावर १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं इंग्लंडच्या एनएचएसचं उद्दिष्ट आहे, पण ते २०१६पासून गाठलं गेलेलं नाही. प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर गेली आहे. सरचार्ज भरणारा या यादीत पुढे सरकत नाही आणि मागेही पडत नाही.

म्हणून कुठल्या दुखण्याला कुठे जायचं हे आधीच माहीत असलेलं बरं. सर्दी-तापाला पॅरासिटामॉलचं पाकीट सुपरमार्केटमध्ये पौंडाच्या आत मिळतं. घसादुखी, सायनस, बायकांमधला मूत्रमार्गाचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींवर इंग्लंडमधले केमिस्ट जानेवारी २०२४पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत स्वतःच औषध देऊ शकतात, जीपीची वेळ लागत नाही. काय करावं कळत नसेल तर १११ या क्रमांकावर दिवसरात्र सल्ला मिळतो. इंग्लंडमध्ये त्यावर २ दाबलं की मानसिक आरोग्याच्या संकटासाठी मदत मिळते. जीव धोक्यात असेल तरच ९९९ आणि हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग. ताप आला म्हणून आपत्कालीन विभागात जाऊन बसलात तर हाकलत नाहीत, पण गंभीर रुग्ण आधी घेतात, आणि तुमची अख्खी रात्र खुर्चीत जाऊ शकते.

गैरसमज ७: पार्टटाइम नोकरीत कर कापला जातो, म्हणजे सरचार्ज माफ. आणि आता तर भारत-ब्रिटन करारही झाला आहे.

वस्तुस्थिती: आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की त्याला आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो. त्याचा सरचार्जशी काही संबंध नाही. ‘दोनदा पैसे घेतात’ ही तक्रार रास्त असेलही, पण नियम तोच आहे.

२४ जुलै २०२५ला भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. त्याबरोबर ठरलेली सामाजिक सुरक्षा वर्गणीची सवलत ही कंपनीने तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना आहे. विद्यार्थ्यांना तिचा उपयोग नाही, आणि त्या कर्मचाऱ्यांनाही आयएचएस भरावाच लागतो.

गैरसमज ८: डॉक्टरकडे वारंवार गेलं तर पुढचा व्हिसा अडकतो.

वस्तुस्थिती: या भीतीने मुलं दुखणं अंगावर काढतात. एनएचएसचे उपचार ‘सार्वजनिक निधी’च्या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे व्हिसावरची ती अट उपचार घेतल्याने मोडत नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठी उपचार घेतले म्हणूनही व्हिसा नाकारत नाहीत. अडचण येते ती एनएचएसचं ५०० पौंडांहून मोठं बिल थकवलं तर. सरचार्ज भरलेल्या विद्यार्थ्यावर अशी वेळ सहसा येत नाही.

गैरसमज ९: सरचार्ज भरला, आता कुठलाच विमा नको.

वस्तुस्थिती: ब्रिटनच्या हद्दीत उपचारांसाठी वेगळा विमा लागत नाही. पण सरचार्ज फक्त त्या हद्दीपुरता आहे. ईस्टरच्या सुट्टीत पॅरिसला जायचं ठरलं, तर शेंगेन व्हिसासाठीच ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. गंभीर आजारात घरी भारतात आणण्याचा खर्चही एनएचएस करत नाही. तेव्हा मोठा मेडिक्लेम घेण्यापेक्षा प्रवास आणि परत आणण्याचा खर्च यांच्यापुरता छोटा विमा पुरतो.

गैरसमज १०: फी वाढली, म्हणजे सोयीही वाढल्या असतील.

वस्तुस्थिती: एप्रिल २०१५मध्ये सरचार्ज सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांना वर्षाला १५० पौंड पडत. जानेवारी २०१९मध्ये ते ३०० झाले, ऑक्टोबर २०२०मध्ये ४७० आणि आता ७७६. म्हणजे नऊ वर्षांत पाचपट. या काळात विद्यार्थ्यांसाठी कुठलीही खास सेवा वाढवलेली नाही. उलट ऑगस्ट २०१७पासून वंध्यत्वावरचे उपचार इंग्लंडमध्ये सरचार्जमधून वगळले गेले. शेवटची वाढ जुलै २०२३मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या सरकारने जाहीर केली, ती डॉक्टरांसह सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीसाठी पैसा उभा करायचा म्हणून. जास्त पैसे दिले म्हणून जास्त काही मिळेल, या आशेवर राहू नये. जे मिळतं ते मात्र पुरेपूर वापरावं. ज्यांनी पहिल्या पंधरवड्यात जीपीकडे नाव घातलं, त्यांनीच ते पैसे खऱ्या अर्थाने वापरायला सुरुवात केली.