कुत्रा गुरगुरतो तेव्हा…

एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाने मोतीच्या जेवणाच्या ताटलीला हात लावला आणि मोती त्याच्यावर गुरगुरला. यजमानांनी लगेच मोतीला दोन फटके दिले. "आज गुरगुरला, उद्या चावेल. आता याला घरात ठेवायचं तरी कसं?" वहिनींना रडूच फुटले.

मोती चावला नव्हता, हे मात्र कोणाच्या लक्षातच आले नव्हते. गुरगुरणे म्हणजे 'आता पुरे, मागे सरका' असा इशारा. मार देऊन तो बंद केला, तर कुत्र्याच्या मनातली भीती जात नाही, जातो तो फक्त आवाज. मग एखाद्या दिवशी तो न गुरगुरता सरळ चावतो आणि आपण म्हणतो, "काही कारण नसताना चावला हो!"

खरे तर गुरगुरण्याच्या आधीही तो बरेच काही सांगत असतो. झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, खाता खाता एकदम स्तब्ध होतो. शेपटी हलते म्हणजे स्वारी खुशीत, हा समजही अर्धाच खरा. अंग ताठ आणि शेपटी उंच धरून हलवणाऱ्या कुत्र्यापासून मुलांना दूरच ठेवावे.

मोतीसाठी उपाय साधाच होता. त्याची ताटली गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि तो जेवत असताना मुलाने तिकडे फिरकायचे नाही. मोठ्या माणसाने मात्र थोड्या अंतरावरून जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा. माणूस जवळ आला की जेवण जात नाही, उलट चांगलेचुंगले मिळते, हे कुत्र्याला हळूहळू उमगते. तो ताठरला, तर आपण आणखी लांब थांबायचे. घाई करायची नाही.

बाकीच्या कित्येक तक्रारी तर खोड्याही नसतात. झोपण्याआधी गोल फिरणे, उन्हाळ्यात गारव्यासाठी माती उकरणे, दुसऱ्या कुत्र्याला हुंगणे हा त्याचा स्वभावच आहे. पिल्लू चपला कुरतडते, कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात, त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात आणि हिरड्या शिवशिवतात. चपला कपाटात ठेवा, चघळायला त्याच्या हक्काचे काहीतरी द्या. तासाभराने सापडलेली चप्पल नाकासमोर नाचवून ओरडण्यात काही अर्थ नाही. "पाहा, कसा अपराधी चेहरा केलाय!" असे आपण कौतुकाने म्हणतो. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हा चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे होतो. कुत्र्याने गुन्हा केला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता!

शहाणा कुत्रा एकाएकी घरात लघवी करू लागला, जिना चढेना, हात लावताच अंगावर येऊ लागला, तर मात्र आधी पशुवैद्याकडे न्यावे. बऱ्याचदा मूळ दुखण्यात असते. जो आधीच कोणाला चावला आहे, त्याच्यावर घरगुती प्रयोग करू नयेत.

आणि चावलाच तर? जखमेवर हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्रा घरचा, लस टोचलेला असला तरीही! रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही, वेळेवर घेतलेली लसच वाचवते.

मोती अजून त्याच घरात आहे. "आई, मोतीचं जेवण झालं का?" असे विचारल्याशिवाय आता धाकटा गॅलरीत पाऊल टाकत नाही.